अजिंठ्याची चित्रं जगाला दाखवणारा रॉबर्ट गिल भुसावळच्या कबरस्तानात कसा पोचला?

भुसावळ म्हटलं की काय आठवतं? रेल्वे जंक्शन, केळी, दीपनगरच्या चिमण्या आणि मे महिन्यातलं डोकं फिरवणारं ऊन. आठवणींची यादी बहुतेकांची इथेच संपते.

पण याच भुसावळच्या जुन्या युरोपियन कबरस्तानात एका माणसाची कबर आहे, ज्याने आयुष्यातली तीसपेक्षा जास्त वर्षं एकाच कामात घालवली. काम होतं अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं हुबेहूब कॅनव्हासवर उतरवण्याचं. त्याने ते केलं, आणि ते जवळपास सगळं एका आगीत जळून गेलं. मग वयाची साठी उलटल्यावर त्याने पुन्हा सुरुवात केली.

त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल.

मराठी माणसाला गिल माहीत आहे तो मुख्यतः पारोमुळे. ना. धों. महानोरांनी लिहिलेलं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि त्यावरचा नितीन चंद्रकांत देसाईंचा 2012 सालचा सिनेमा, यामुळे गिल आणि पारोची प्रेमकहाणी घराघरात पोचली. पण त्या प्रेमकहाणीच्या आजूबाजूचा गिल बऱ्याच जणांना माहीत नसतो. आणि खरी गंमत तिथेच आहे.

त्याआधी एक प्रश्न. खानदेशात इंग्रजांची कबरस्तानं आली कुठून?

तर विषय असा, की 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. तोही सहजासहजी नाही. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब सैनिकांनी इंग्रजांना चांगलंच झुंजवलं. तिथे कंपनीचे अधिकारी आणि शिपाई मेले आणि या भागातल्या इंग्रजांच्या कबरींची सुरुवात झाली. पुढे कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, 1825 मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि जिथे जिथे साहेब राहायला गेला तिथे तिथे गावाबाहेर एक कुंपण घातलेली जागा तयार झाली.

त्या काळात इंग्लंडहून आलेल्या तरुण पोरांपैकी बरीच परत गेलीच नाहीत. लढाईत मेले त्याहून कितीतरी जास्त पटकी, हिवताप आणि उन्हाने मेले. बायका बाळंतपणात गेल्या, लेकरं तर वर्षाची व्हायच्या आत गेली. हिंदुस्थानात आलेल्या साहेबाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं त्यांच्यातच बोललं जायचं. अशी कबरस्तानं भारतभर इतकी आहेत, की त्यांची नोंद ठेवायला 1976 मध्ये लंडनमध्ये एक वेगळी संस्था काढावी लागली.

भुसावळचं प्रकरण थोडं वेगळं. ते छावणीचं गाव नव्हतं. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे आली, इथून एक फाटा खांडव्याकडे आणि एक नागपूरकडे गेला, आणि एका खेड्याचं बघता बघता रेल्वेचं शहर झालं. ड्रायव्हर, फिटर, गार्ड, त्यांची कुटुंबं अशी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन वस्ती वाढली. वस्ती आली की दवाखाना येतो, चर्च येतं आणि कबरस्तानही येतं. गिल भुसावळला कधी राहिला म्हणून तिथे नाहीये. त्याचा शेवटचा प्रवास रेल्वेच्या दिशेने होता, म्हणून तो तिथे आहे.

आता त्याची गोष्ट पहिल्यापासून.

गिलचा जन्म 26 सप्टेंबर 1804 चा. विशीच्या आसपास तो कंपनीच्या मद्रास सैन्यात भरती झाला आणि हिंदुस्थानात आला. 44 व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीतला अधिकारी. पलटणीतल्या इतर साहेबांसारखाच तो शिकारीचा शौकीन, फक्त याचा हात चित्रकलेतही चालायचा. तेव्हा लष्करी अधिकाऱ्याला नकाशे आणि आराखडे काढता येणं कामाचंच असायचं, पण गिलचं प्रकरण त्यापलीकडचं होतं.

इकडे अजिंठ्यात वेगळंच काही चालू होतं. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला होता. वाघूर नदीच्या वळणावर त्याला समोरच्या कड्यात लेण्यांची कमान दिसली. तो आत गेला आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून आला. याला लेण्यांचा शोध म्हणतात. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी माहीत होतीच, पण त्यांनी खांबावर नाव कोरलं नव्हतं, त्यामुळे शोध साहेबाच्या नावावर जमा झाला.

शोध लागला आणि लेण्यांचे हाल सुरू झाले. वटवाघळं, धूर, पाणी हे तर शतकानुशतकं होतंच. आता पाहुणे यायला लागले. आठवण म्हणून कुणी भिंतीवरच्या चित्राचा तुकडा खरवडून न्यायचा, कुणी नाव कोरायचा. अजिंठ्याची चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग, अशी ती रचना. म्हणजे सुरी घालून तुकडा काढायला गेलं, की निम्मं चित्र पायाशी भुगा होऊन पडायचं.

जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक 1839 मध्ये तिथे येऊन गेला. त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत यावर निबंध वाचला. ही चित्रं फार दिवस टिकणार नाहीत, निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवा, असा आग्रह सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे धरला. संचालकांना ते पटलं. 1844 मध्ये या कामासाठी माणूस नेमला गेला, कॅप्टन रॉबर्ट गिल.

तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. लग्न झालेलं, पदरी मुलंबाळं. दोन-चार वर्षांत काम उरकून पलटणीत परत जायचं, असंच कुणालाही वाटलं असतं.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. घाट उतरलं की खानदेश, म्हणजे कंपनीचा मुलूख. मधल्या डोंगररांगेत दाट जंगल आणि त्यात वाघ. गिलने अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम ठोकला. हे गाव लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर, घाटाच्या वरच्या अंगाला. इंग्रजांना ते नवीन नव्हतं. 1803 च्या असईच्या लढाईनंतर वेलस्लीच्या जखमी सैनिकांना इथेच आणून ठेवलं होतं.

तिथून रोज जंगलातून लेण्यांकडे जायचं. भिंतीवरची धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण साफ करायची. आत अंधार, त्यामुळे बाहेरचा उजेड कसाबसा आत घ्यायचा. मग भिंतीएवढा मोठा कॅनव्हास लावून, तैलरंगात, मूळ मापाचं चित्र काढायचं. जिथे मूळ चित्र उडालेलं आहे तिथे ते उडालेलंच दाखवायचं. हा भाग महत्त्वाचा. गिल नवीन चित्रं काढत नव्हता, तो एका मरणाऱ्या भिंतीची नोंद करत होता. आणि कॅमेरा अजून या कामाला उपयोगी पडण्याइतका पुढे गेलेला नव्हता, त्यामुळे त्या काळात भिंतींवर नेमकं काय होतं याचा रंगातला मोठा पुरावा गिलचाच.

तयार झालेले कॅनव्हास गुंडाळून बैलगाडीने बंदराकडे आणि तिथून जहाजाने लंडनला जायचे. पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात रंगवलेले राजे, दासी, हत्ती, जातककथा इंग्लंडच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिल्या त्या गिलच्या ब्रशमधून. 1856 मध्ये प्राचीन भारतावर निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकात या नकलांवरून केलेली लाकडी ठशांची चित्रंही छापली गेली. हे लक्षात ठेवा, पुढे याचं महत्त्व कळेल.

आणि वाघ? गिलने दीडशेच्या वर वाघ मारले असं सांगितलं जातं. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी माणूस पट्टीचा शिकारी होता यात वाद नाही, मेलेल्या जनावरांचे त्याने काढलेले फोटोच आहेत. एका हाताने अजिंठ्याच्या भिंतीवरचे हत्ती आणि हरणं जिवापाड जपणारा हा माणूस दुसऱ्या हाताने अजिंठ्याचं जंगल रिकामं करत होता. त्याला यात विसंगती वाटली असेल असं त्या काळच्या साहेबाकडे पाहून तरी वाटत नाही.

या सगळ्यात पारो येते.

पारोबद्दलची गोष्ट आपल्याकडे लोककथेसारखी सांगितली जाते. जंगलातली मुलगी, तिने साहेबाला रंगांसाठी पानं-फुलं-दगड आणून दिले, लेणी दाखवली, दोघांचं प्रेम जमलं, समाजाने विरोध केला. कवितेत आणि सिनेमात ही गोष्ट फार सुंदर दिसते. पण दगडावरचा पुरावा याहून आटोपशीर आहे. अजिंठा गावात एक कबर आहे. तिच्यावर इंग्रजी अक्षरात पारोचं नाव आहे, ती गिलची लाडकी होती असा उल्लेख आहे आणि मृत्यूची तारीख आहे, 23 मे 1856.

एवढंच. पण एवढंही थोडं नाही.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी बायकांबरोबर राहिलेले गोरे अधिकारी शेकड्यांनी होते. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, पण 1850 पर्यंत हवा पालटली होती. अशा बायका साहेबांच्या मृत्युपत्रात एखाद्या ओळीत सापडतात, कधी नुसत्या आश्रित म्हणून, कधी नावाशिवायच. अशा वेळी एका मेजरने, ज्याची लग्नाची बायको हयात होती, गावातल्या बाईच्या कबरीवर तिचं नाव आणि स्वतःचं प्रेम दगडात कोरून ठेवावं, ही साधी गोष्ट नव्हती. आणि याचाच दुसरा अर्थ असा, की आज पारोचं नाव आपल्याला माहीत आहे ते गिलने दगड बसवला म्हणून. गिलचे कॅनव्हास उचलणारे, मचाण बांधणारे, वाघांच्या जंगलातून मशाली धरून पुढे चालणारे जे लोक होते, त्यांच्या नावाचा दगड कुणी बसवला नाही.

पारो गेली तेव्हा गिल 51 वर्षांचा. बायकामुलं इंग्लंडला निघून गेली. तो मात्र अजिंठ्यातच राहिला.

याच सुमारास त्याच्या हातात कॅमेरा आला. तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे मोबाईल काढला आणि क्लिक केलं असं नव्हतं. काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथेच अंधाराची खोली हवी. खानदेशच्या उंबरठ्यावरच्या उन्हाळ्यात ती काच किती मिनिटं ओली राहत असेल, याचा अंदाज जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको.

गिलने स्टिरिओ कॅमेरा वापरला. शेजारी शेजारी दोन भिंगं, दोन डोळ्यांसारखी. त्यातून निघालेले जोडफोटो एका यंत्रातून पाहिले की दृश्य खोल दिसतं, आजच्या थ्रीडी चष्म्यासारखं. लेण्यांचे खांब आणि कमानी यासाठी हे तंत्र एकदम फिट्ट. त्याने फक्त अजिंठाच नाही, तर वेरूळ, लोणार आणि वऱ्हाडातली हेमाडपंती मंदिरंही टिपली. 1864 मध्ये लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. एकात लेण्यांचे 74 फोटो, दुसऱ्यात वास्तू आणि वन्यजीवनाचे 100 जोडफोटो. दोन्हींचा मजकूर त्याच फर्ग्युसनचा, ज्याच्या निबंधामुळे गिलला ही नोकरी लागली होती. लोणारच्या मंदिरांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना आजही गिलच्या फोटोंपाशी यावं लागतं.

1863 पर्यंत सुमारे 30 मोठे कॅनव्हास तयार झाले होते. त्यातले बहुतेक लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले गेले. लोखंड आणि काचेचा तो प्रचंड महाल, जगभरातून आणलेल्या वस्तूंचं प्रदर्शन. काच आणि लोखंडाची इमारत कशाला जळेल, असं कुणालाही वाटेल.

30 डिसेंबर 1866 ला क्रिस्टल पॅलेसचा उत्तरेकडचा भाग जळाला. आत लाकडाची जमीन होती, पडदे होते, सामान होतं. त्यात भारतीय दालनही गेलं. गिलची जवळजवळ वीस वर्षं काही तासांत राख झाली. जे चार-पाच कॅनव्हास त्या वेळी तिथे टांगलेले नव्हते, तेवढेच वाचले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. बाकीच्यांपैकी काहींची कल्पना येते ती 1856 च्या पुस्तकातल्या त्या लाकडी ठशांवरून. रंग गेले, रेषा तेवढ्या उरल्या.

बातमी अजिंठ्याला कळली तेव्हा गिल 62 वर्षांचा होता. तेव्हाच्या मानाने हे सामान सुमान बांधून घरी जायचं वय. खरं तर घरी जायचं म्हणजे कुठे, हाही प्रश्नच होता. विशीत सोडलेलं इंग्लंड त्याच्या ओळखीचं राहिलेलं नव्हतं.

त्याने सरकारकडे नवीन साहित्य मागितलं आणि पुन्हा त्याच भिंतींसमोर जाऊन उभा राहिला.

मधल्या वर्षांत भिंतीही आणखी खराब झाल्या होत्या, नजरही पहिल्यासारखी राहिली नसणार. या दुसऱ्या डावात पहिल्याएवढं काम झालं नाही. शिवाय 1872 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात उतरले. सरकारने नकलांचं मोठं काम आता त्यांच्याकडे दिलं होतं. एकट्याने जे तीन दशकं चालवलं, त्यासाठी आता अख्खी शाळा आली होती, आणि त्या शाळेत पेस्तनजी बोमनजींसारखे देशी विद्यार्थी ब्रश धरत होते. गिल तरीही फोटो काढत राहिला, मृत्यूच्या साधारण वर्षभर आधीपर्यंत.

1879 च्या एप्रिलमध्ये तो आजारी पडला. एव्हाना भुसावळ हे मुंबईला रेल्वेने थेट जोडलेलं मोठं ठाणं झालं होतं. अजिंठ्यातून बाहेर पडायचं तर घाट उतरून खानदेशातूनच वाट. तो त्या वाटेने निघाला, पण मुंबई काही गाठता आली नाही. 10 एप्रिल 1879 ला, वयाच्या 74 व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला आणि भुसावळच्या युरोपियन कबरस्तानात त्याचं दफन झालं. ऐन उन्हाळ्यात प्रेत दूर नेणं शक्यच नव्हतं. जिथे माणूस मेला त्याच्या जवळचं कबरस्तान हाच तेव्हाचा नियम.

म्हणजे पारो घाटावर अजिंठा गावात आणि गिल घाटाखाली भुसावळला. दोघांच्या कबरींमध्ये साधारण 75 ते 80 किलोमीटरचं अंतर. एक तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, एक इंग्रजांच्या. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर मात्र तशीच पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते आणि भुसावळच्या अलीकडे साकेगावावरून तापीला मिळते.

गिलनंतर या नकलांचं काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. ग्रिफिथ्स आणि विद्यार्थ्यांनी तेरा वर्षं खपून सुमारे 300 कॅनव्हास केले. ते लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये ठेवले गेले आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली. शंभरहून जास्त चित्रं जळाली. पुढे जपानी चित्रकारांनी अजिंठ्याच्या नकला नेल्या, त्या 1923 च्या टोकियोच्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. आणि ज्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गिलचं काम जळालं, तो उरलासुरला महालही 1936 मध्ये पूर्ण खाक झाला. त्यामुळे अजिंठ्याची चित्रं शापित आहेत वगैरे गोष्टी सोशल मीडियावर अधूनमधून फिरतात. शाप वगैरे काही नाही. तेलात रंगवलेलं कापड आणि लाकडी मजल्याच्या इमारती, दिव्याची एक ठिणगी पुरते.

उलट खरं नुकसान ज्यांनी केलं त्यांचा हेतू चांगला होता. चित्रं नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात भिंतींवर वार्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यात धूळ अडकली, आणि त्याखालचे मूळ रंग मोकळे करायचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याला नंतर अनेक वर्षं पुरलं. वार्निश चढण्याआधी भिंत कशी दिसायची हे तपासायचं, तर गिलचे ते वाचलेले चार-पाच कॅनव्हास हाताशी लागतात.

गिलची गोष्ट मराठीत आणणारे महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेडचेच. लेणी, जंगल, वाघूर हा त्यांच्या शिवाराचा भाग होता, त्यामुळे त्यांच्या पारोला त्या मातीचा वास आहे. 2 ऑगस्ट 2023 ला नितीन देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी, 3 ऑगस्टला महानोर. कविता लिहिणारा आणि तिचा सिनेमा करणारा, दोघंही चोवीस-छत्तीस तासांच्या अंतराने.

जळगाव-भुसावळहून दरवर्षी हजारो लोक अजिंठ्याला जातात. फर्दापूरला गाडी लावतात, बसने लेण्यांपर्यंत जातात, सेल्फी काढतात आणि संध्याकाळपर्यंत माघारी फिरतात. पारोची कबर त्याच रस्त्यावर, घाट चढून वर गेल्यावर अजिंठा गावात आहे. गिलची कबर तर परतीच्या वाटेवर, स्टेशनच्याच गावात.